नाकापेक्षा मासा जड

सिलाश गावात वाइन कुणीही बनवतो, पण तिचं लग्न लावायचं ते बोडोर वेंडेलनंच. दरवर्षी संत यानोशच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या तिसऱ्या दिवशी, चर्चमध्ये पाद्रीबाबा नव्या वाइनला आशीर्वाद देत आणि मग वाइन-मंडळाच्या तळघरात दुपारची पंगत बसे. वेंडेल किरमिजी मखमलीचा पायघोळ झगा घालून, गळ्यात चांदीची साखळी अडकवून उभा राही. एकेक वाइन हुंगे, घोट घेई, छताकडे बघे आणि हिला कोणतं जेवण शोभेल ते सांगे. भरलेला आंबट कोबी की डुकराची सॉसेज, हंसाची तंगडी की खसखशीची गोड वळकटी. त्यानं सांगितलं की ठरलं. वर्षभर गावात ती वाइन त्याच पदार्थाबरोबर प्यायची, दुसऱ्याबरोबर कुणी प्यालं तर ते लफडं समजलं जाई.

आणि एखाद्या वाइनला जोडीदारच सापडला नाही, तर वेंडेल पेला उपडा घाली. मग ती वाइन पोरकी. पोरक्या वाइनला मंडळाची मोहोर मिळत नसे. उन्हाळ्यात ती सोड्यात ओतून संपवत, आणि तिच्या मालकाला लोक वर्षभर अशा काही मायेनं वागवत की त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

या पदाचं नाव पंगतप्रमुख. वीस-एक वर्षं वेंडेल ते सांभाळत होता. त्याआधी उभा जन्म त्यानं टपाल कचेरीच्या खिडकीत ‘पुढचा’ एवढा एकच शब्द म्हणण्यात घालवला होता. साखळी गळ्यात पडली तेव्हा लोक पहिल्यांदा त्याचं बोलणं ऐकायला गप्प बसले. ती उतरली, तर उरतो तो गुडघे धरलेला एक निवृत्त माणूस, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून साखळी त्याला जिवापाड प्यारी होती.

आणि त्याच वेंडेलचं नाक ऑक्टोबरात गेलं.

म्हणजे नाक जागेवरच होतं, चांगलं धारदार. ताप आला, चार दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला, वासाबरोबर चवही. हे सगळ्यात आधी कळलं ते बायकोला. इल्का शेजारी गेली असताना दूध उतू जाऊन जळलं, घरभर धूर झाला, आणि हा बाजूला बसून पेपर वाचत होता.

“तुला वास येत नाहीये,” इल्का म्हणाली.

“येतोय की. छान येतोय.”

“कसला?”

वेंडेलनं छताकडे बघितलं. “व्हॅनिलाचा,” तो म्हणाला.

इल्कानं खिडक्या उघडल्या आणि भांडं घासायला घेतलं. ती दुना नदीकाठच्या मासेमारांची लेक. वाइनला तिनं कधी तोंड लावलं नाही. तिच्या मते जगातल्या सगळ्या वाइनना ओल्या पोत्याचा वास येतो. त्यामुळे नवऱ्याला तिचं नाक उसनं देता येईना. तिनं फक्त तोंड बंद ठेवलं, आणि सिलाशमध्ये हे काही लहान उपकार नव्हेत.

नोव्हेंबरात संत मार्टिनचा दिवस वेंडेलनं थापेवर मारून नेला. त्या दिवशी हंस खायचाच असतो, नवी वाइन चाखायचीच असते, त्यात डोकं चालवायला लागत नाही. पण यानोशच्या पंगतीला चार वाइन, त्याच दिवशी पिंपातून काढलेल्या, आणि अख्ख्या मंडळाचे डोळे याच्या नाकावर. तिथं नाक कापलं जाणार हे नक्की होतं. गेलेलं नाक पुन्हा कापलं जाणं म्हणजे फारच झालं.

तेवढ्यात नाताळचा कार्प आला.

हा मासा सगळे घेतात तसाच, जिवंत घेतला होता. चार दिवस बाथटबमध्ये स्वच्छ पाण्यात पोहला की त्याचा चिखलाचा वास जातो. दाढीवाल्या पाटलासारखा ऐसपैस मासा होता, आणि टबमध्ये आला तो भाडं भरल्याच्या थाटात. वेंडेल टबच्या कडेवर बसून, एका हातात केकफ्रांकोश, म्हणजे गेल्या वर्षीची तांबडी वाइन घेऊन, पंगतीला काय बोलायचं त्याची तालीम करत होता. दुसऱ्या हातात सॉसेजचा तुकडा होता. हात हलला, वाइन सांडली, तुकडाही पडला. कार्प वर आला, मिशा हलवल्या, तोंड उघडलं, मिटलं आणि शेपटीनं पाण्यावर असा काही तडाखा दिला की वेंडेल ओलाचिंब झाला.

वेंडेलनं खसखशीची वळकटी आणली. तीच वाइन, खसखशीचा चुरा. कार्पनं पाठ फिरवली आणि टबच्या बुचाकडे तोंड करून उभा राहिला.

कार्प नुसत्या जिभेनं चाखत नाही, ओठांनी, मिशांनी, म्हणाल तर अंगभर चाखतो, हे मेहुण्यानं, गेरीनं, त्याला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी वेंडेलनं घरातली प्रत्येक बाटली आणि कपाटातला प्रत्येक पदार्थ त्या टबात थेंबाथेंबानं, कणाकणानं घालून बघितला. मासा एकदाही चुकला नाही. शेवटी वेंडेल ओल्या फरशीवर बसला आणि थोडा रडला. दोन महिने छातीवर बसलेला धोंडा हलला होता.

“मास्तर,” तो माशाला म्हणाला, “आता तुम्हीच.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळी इल्का सुरी घेऊन आली, तर हा न्हाणीघराच्या दारात आडवा.

“बाजूला हो. रश्श्याचं पाणी उकळतंय.”

“याला हात लावायचा नाही.”

“मग खायचं काय?”

“घेवड्याचं सूप करू.”

“सणाला घेवडा? माझा बाप थडग्यात उठून बसेल. आणि आंघोळ? मी काल शेजारी जाऊन आंघोळ केली, आज काय नदीवर जाऊ?”

वेंडेलनं तिला सगळं सांगितलं, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवलं. इल्कानं वाइन, चीज आणि शेपटीचा तडाखा तीनदा बघितला. सुरी पुसून ठेवली. मग जरा वेळानं स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “तुझ्या त्या झग्याखाली आमची मोठी बादली मावेल.”

मावली. मंडळाचे झगे उंच माणसांच्या मापानं शिवले आहेत आणि वेंडेल बुटका. यानोशच्या दुपारी तो सगळ्यांच्या आधी तळघरात जाऊन मेजाच्या टोकाशी बसला, बादली दोन पायांत, वरून मखमल, उजव्या पायातला जोडा काढून पोटरी बादलीला टेकवलेली. बाहेर अंगणात गेरी मोठ्या कढईत मच्छीचा रस्सा रटरटवत होता. दर यानोशला तो दुनेकाठाहून मुद्दाम येई. रश्श्यात डाव घालून ढवळलेलं त्याला खपत नसे, कढई नुसती कानाला धरून हलवायची. त्यामुळे त्याच्या जवळपास कुणी फिरकत नसे, आणि ते वेंडेलच्या पथ्यावरच पडलं: बादली अंगणातून नेताना गेरीची नजर कढईवर होती आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं.

सुरुवात झकास झाली. पहिली वाइन रिझलिंग. सिलाशमध्ये पहिला थेंब जमिनीला द्यायची रीत आहे, गेलेल्यांच्या नावानं. वेंडेलनं गेलेल्यांना यंदा जरा जास्तच दिलं. मग एकेका ताटलीतला कण बोटांतून निसटल्यासारखा खाली सोडला. हंस, काही नाही. सॉसेज, काही नाही. दह्याच्या चक्क्याबरोबर कालवलेल्या शेवया, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे: पोटरीवर तडाखा.

“शेवया,” वेंडेल छताकडे बघत म्हणाला. “लाजरी वाइन आहे ही. तिला कुरकुर करणारा नवरा हवा.”

मंडळानं मेजावर मुठी आपटल्या. 

दुसरी केकफ्रांकोश. सगळ्यांना वाटलं सॉसेज. मास्तरांनी सॉसेजला नकार दिला, कोबीला दिला, आणि लोणच्यातल्या काकडीवर शेपूट आपटली. वेंडेलच्या कपाळावर घाम आला. नवी पिंपं, नवा हंगाम, आता याच्यावर विश्वास टाकायचा की नाही? टाकला.

“काकडी.”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग कुणीतरी काकडी चावली, वर घोट घेतला, आणि म्हणालं, “अरे, हो की.” एकेक करत सगळ्यांनी काकड्या संपवल्या. महाअध्यक्ष रिडेग ओटो, गावातला सगळ्यात मोठा मळेवाला, वेंडेलकडे वाकून म्हणाला, “तुझं नाक म्हणजे ना, वेंडेल, सरकारनं विमा उतरवायला हवा.” चौथी वाइन, कादर्का, ओटोच्याच मळ्यातली होती, म्हणून त्याचं हे लोणी लावणं.

तिसरी ‘बैलाचं रक्त’. नावाप्रमाणेच गडद आणि तालेवार. वेंडेलनं गेलेल्यांचा वाटा ओतला, कण सोडले. बादलीत सामसूम. पुन्हा ओतला. सामसूम. मास्तरांना चढली होती. वेंडेलनं पोटरीनं बादली ढोसली, तर खालून एक मोठा बुडबुडा फुटल्याचा आवाज आला. शेजारच्यानं भुवया उंचावल्या. वेंडेलनं शेवटचा तुकडा टाकला, आंबट कोबीचा, आणि मास्तर एकदम जागे झाले. आख्खी बादली हलली. पाणी झग्याच्या खालून निघालं आणि फरशीवरून संथपणे महाअध्यक्षांच्या बुटांपर्यंत गेलं.

सगळ्यांनी पाण्याकडे बघितलं. मग वेंडेलकडे बघितलं. मग फार हळुवारपणे दुसरीकडे बघितलं.

“वेंडेल,” ओटो खालच्या आवाजात म्हणाला, “जरा बाहेर जाऊन येतोस का? आम्ही थांबतो. वय कुणाला चुकलंय.”

नेमका तेव्हाच गेरी रश्श्याची वर्दी द्यायला आत आला. पाण्याचा माग काढणं हा त्याचा जन्माचा धंदा. तो सरळ चालत आला आणि दाजींचा झगा वर उचलला.

“वा, दाजी,” तो म्हणाला. “रश्श्यासाठी मासा आणलात आणि सांगितलंही नाही? मी तिकडे शेवटच्या कढाला एक कमी पडतोय म्हणून रडतोय.” त्यानं बादली उचलून मेजावर ठेवली. मंडळानं टाळ्या वाजवल्या. पंगतप्रमुखानं स्वतःच्या घरचा नाताळचा मासा राखून आणला, याला म्हणतात मन. मग गेरीनं बादलीत नाक घातलं आणि त्याचा चेहरा पडला.

“दाजी, पाणी गुलाबी आहे. हा प्यायलाय.”

कार्प एका कुशीवर तरंगत मंदपणे मिशा हलवत होता.

“मग बरंच की,” कुणीतरी म्हणालं, “आतून मुरलेला.”

“मुरलेला काय मुरलेला,” गेरी तापला. “माशानं तीनदा पोहायचं असतं. आधी पाण्यात, मग चरबीत, मग वाइनमध्ये. हा चरबीला टांग मारून थेट वाइनमध्ये. असा क्रम मोडलेला मासा मी कढईत घालणार नाही. माझ्या बापानं घातला नसता.”

आता हा प्रश्न साधा नव्हता. मंडळातले निम्मे म्हणाले की आत्ता चरबीत टाका, मग वर वाइन पिऊ, हिशोब बरोबर. उरलेले म्हणाले की एकदा वाइनमध्ये पोहलेला पुन्हा मागं कसा जाईल, लग्न झाल्यावर साखरपुडा करतात का? पाद्रीबाबांनी हात वर केला तेव्हा कुठं गलका थांबला.

“मंडळाचा पहिला नियम काय?” त्यांनी विचारलं. “यानोशच्या पंगतीला जो सगळ्या वाइन प्याला आणि कुणाबद्दल वाईट बोलला नाही, तो आपला भाऊ. हा तीन वाइन प्यालाय. बोलला तर काहीच नाही. चौथी प्याला की हा भाऊ होतो, आणि भावाला खाणं मला धर्मानं मान्य करता येणार नाही. तेव्हा एकच ठरवायचं. हा पंगतीला जेवण म्हणून आला, की पिणारा म्हणून आला? ते ज्यानं आणला त्यानं सांगावं.”

सगळे वेंडेलकडे वळले. गेरी घाईघाईनं म्हणाला, “जेवण म्हणूनच. हो ना, दाजी? वाइन चुकून सांडली असेल.”

वेंडेलला नुसती मान हलवायची होती. मान हलवली की मासा रश्श्यात, रस्सा पोटात, आणि काय झालं होतं ते कुणालाही कधीही कळणार नाही. राहिली कादर्का. तिला मच्छीचा रस्सा शोभतो हे सांगायला नाक कशाला लागतं, ते तर गावातली शेंबडी पोरंही सांगतील. साखळी गळ्यात राहील, निदान यंदा. आणि पुढच्या वर्षी, टबात दुसरा कार्प. त्याची मान हलायला लागलीही होती.

पण मासा त्याच्याकडे बघत होता, एकाच डोळ्यानं, कारण दुसरा पाण्याखाली होता. दोन महिन्यांत वाइनबद्दल वेंडेलशी खरं बोललेला तो एकटाच होता. त्याला उकळत्या रश्श्यात सोडायचं आणि मग वर छताकडे बघून भाषण करायचं, हे वेंडेलला जमण्यातलं नव्हतं. त्यानं हलायला लागलेली मान थांबवली.

“जेवायला नाही आणला,” तो म्हणाला. “प्यायला आणला.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं: ताप, दूध, टब, शेवया, काकडी, आणि ‘बैलाच्या रक्ता’साठी आंबट कोबी.

कुणीतरी काकडीची रिकामी बशी हळूच बाजूला सारली. 

“म्हणजे मार्टिनच्या दिवशी,” ओटो सावकाश म्हणाला, “माझ्या वाइनला तू पिकल्या सफरजनाचा वास म्हणालास.”

“मला कसलाच वास आला नव्हता, ओटो.”

“मला तर आला होता,” ओटो म्हणाला. “तू म्हणाल्यावर मला आला होता.” तो दुखावला होता, पण त्याहून जास्त गोंधळला होता. मग त्यानं कादर्काचा पेला घेतला, उभा राहिला आणि बादलीत मोजून एक घोट ओतला. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. पाद्रीबाबांनी बोट बुडवून त्यांच्यावर क्रूस काढला. सगळे म्हणाले, “भाऊ.” गेरीनंही म्हटलं, जरा उशिरा.

आणि आता मंडळात नाक असलेला भाऊ असताना नाक नसलेला पंगतप्रमुख ठेवता येईना, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. वेंडेलनं साखळी स्वतःच्या हातानं काढली. ती डोक्यावरून येताना कानाला अडकली, तेवढ्या वेळात त्याला वाटलं की आपण लहान पोरासारखे सगळ्यांसमोर रडणार. ओटोनं कान सोडवला. साखळी बादलीच्या कडीला बांधली. कुणी हसलं नाही. झगा मात्र मास्तरांना मोठा होता, म्हणून तो बादलीभोवती गुंडाळला.

वेंडेल दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला, जिथं साधे सभासद बसतात. त्याच्या अंगात विणलेला स्वेटर होता आणि एका पायात जोडा नव्हता.

“आता कादर्का,” ओटो म्हणाला आणि घसा साफ केला. त्यानं रश्श्याचा थेंब चमच्यात घेऊन बादलीकडे हात नेला, तर गेरी आडवा आला.

“त्याच्याच भाऊबंदांचा रस्सा त्याला चाखवणार? लाज वाटत नाही?”

पाद्रीबाबांनी मान डोलावली. नातेवाइकाचा निवाडा नातेवाइकानं करायचा नाही, हे जुनंच आहे. दुसरं काही मेजावर उरलं नव्हतं. शेवया संपल्या होत्या, काकड्या संपल्या होत्या, हंस आणि सॉसेज वादावादीत फस्त झाले होते, कोबी मास्तरांच्या पाण्यात होता. आणि पंगतप्रमुखाच्या निवाड्याशिवाय राहिलेली वाइन म्हणजे पोरकी. ओटोचा चेहरा खडूसारखा झाला. वर्षभर लोक त्याला मायेनं वागवणार होते.

गेरी तोवर कुणाची वाट न बघता रस्सा वाढत सुटला होता. पहिला वाडगा त्यानं दाराजवळच्या बाकावर दिला, वर मूठभर पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, वर कादर्काचा पेला. “खा, दाजी,” तो म्हणाला. “आता तुम्हाला काय काम आहे.”

वेंडेलनं खाल्लं. चव नव्हती, वास नव्हता. पण जीभ पेटली, घसा पेटला, कानाच्या पाळ्या पेटल्या. ऑक्टोबरपासून तोंडात काहीतरी घडल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानं घाईनं पेला उचलला आणि अर्धा रिकामा केला. पुन्हा चमचा घेतला. पुन्हा पेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“वेंडेल,” ओटोनं तळघराच्या त्या टोकावरून विचारलं. आवाज महाअध्यक्षांचा नव्हता, पोरगी उजवायची राहिलेल्या बापाचा होता. “कसं आहे?”

वेंडेलनं छताकडे बघितलं नाही. “तिखट आहे,” तो म्हणाला.

“आणि वाइन?”

“गार आहे.”

“आणखी?”

“आणखी काही कळत नाही, ओटो. ते पेटवतं, ही विझवते. मला पुन्हा पुन्हा दोन्ही हवंसं वाटतंय.”

ओटो विचारात पडला. मग बादलीवर वाकून त्यानं अदबीनं विचारलं, पंगतप्रमुखांची हरकत आहे का. बादलीतून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

“हरकत नाही,” पाद्रीबाबा म्हणाले, आणि मोहोर उमटली. तळघरात मुठी आपटल्या गेल्या, पेले भरले, सगळे एकदम बोलू लागले, आणि वेंडेलकडे बघायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक घासावर उठून बोलायचं असे, तोवर त्याच्या ताटातलं सगळं थिजून जाई. त्या दुपारी त्यानं वाडगा गरम असतानाच संपवला, आणि गेरीपुढं दुसऱ्यांदा धरला.